घडीच्या चाकूची धार : कोन धरणाऱ्या सेटबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात घडीच्या चाकूला साध्या दगडावर हाताने धार कशी लावायची ते दिले होते. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच होता : कोन हातात टिकत नाही, म्हणून कोन धरून ठेवणारा सेट घ्यायचा आहे किंवा नुकताच घेतला आहे. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. या उत्तरांत ‘कोन’ म्हणजे पात्याच्या एका बाजूचा कोन. काही कंपन्या दोन्ही बाजू मिळून आकडा देतात, तो निम्मा करून वाचावा.

प्रश्न (नाशिक) : माझ्याकडे व्हिक्टोरिनॉक्सचा चाकू आहे. कार्बोरंडमच्या दुहेरी दगडावर घासतो, पण कधी धार येते, कधी होती तीही जाते. मध्ये खाचेतून ओढायचे छोटे शार्पनरही वापरून पाहिले. सेट घ्यावा का, आणि कोणता?

उत्तर : घ्यावा. हाताने घासताना मनगट दर फेऱ्याला दोन-चार अंश वरखाली होते. एका फेऱ्यात टोकाशी आलेली धार पुढच्या फेऱ्यात कोन वाढला की गोल होते. तुमच्या दगडात दोष नाही, हातात सवय नाही एवढेच. सेट नेमके हेच एक काम करतो, कोन हलू देत नाही. बाकीचे सगळे, म्हणजे किती घासायचे, कधी बाजू बदलायची, कधी थांबायचे, ते तुमच्याकडेच राहते. हे आधीच लक्षात घेतले तर पुढे निराशा होणार नाही.

खाचेतून ओढायचे शार्पनर मात्र आता बाजूला ठेवा. त्यातल्या कार्बाइडच्या, म्हणजे पोलादाहून कठीण पदार्थाच्या, दोन पट्ट्या पोलाद घासत नाहीत, तासतात. धार फाटल्यासारखी राहते. शिवाय मुठीजवळचा सेंटिमीटरभर भाग त्या खाचेत नीट बसत नाही, तो जाड राहतो आणि त्याच्या पुढे पाते झिजून खड्डा पडतो. असा खड्डा पडला असेल तर चाकूची धार फळीवर टेकवून उजेडाकडे धरा, मुठीजवळ फट दिसेल.

आता प्रकार. पहिला लॅन्स्कीसारखा : पाते दोन जबड्यांत धरायचे, दगडाला लांब सळई असते, ती जबड्यामागच्या भोकातून जाते. भोके चार, १७, २०, २५ आणि ३० अंशांची. दुसरा वर्क शार्पच्या प्रिसिजन ॲडजस्टसारखा : पाते स्टँडवरच्या क्लॅम्पमध्ये, कोन स्क्रूने १५ ते ३० अंशांत कुठेही लावता येतो, आणि क्लॅम्प जागच्या जागी उलटतो. एज प्रो या सेटच्या धर्तीवरचे, सळईला दगड लावलेले स्वस्त सेटही बाजारात भरपूर आहेत. ते घेताना सळई जिथे अडकते तो सांधा हातात धरून हलवून पाहा. तिथे खेळ असेल तर आकडा २० दाखवेल आणि दगड १८ ते २२ मध्ये फिरेल. तिसरा स्पायडर्कोच्या शार्पमेकरसारखा : सिरॅमिकच्या काठ्या १५ किंवा २० अंशांवर तिरप्या उभ्या असतात आणि चाकू हातात सरळ उभा धरून खाली ओढायचा. धार टिकवायला हा फार चांगला, पण पूर्ण मोंड झालेल्या पात्यावर तासभर गेला तरी फारसे हाती लागत नाही.

एक-दोन घडीचे चाकू, पाते सहा ते नऊ सेंटिमीटर, एवढेच काम असेल तर चार भोकांचा साधा सेट पुरतो. फक्त त्याचे डायमंड दगड, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या प्लेटा घ्या. उरलेले पैसे ३००० ग्रिटच्या पुढच्या दगडांवर घालवू नका (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका दगड बारीक). घडीच्या चाकूला खरी गरज एका चांगल्या खरखरीत प्लेटची असते. ३२० च्या आसपासची एक, ६०० ची एक, मग सिरॅमिक आणि कातड्याची पट्टी. यात दोरी, कांदा, आंबा, पुठ्ठा सगळे निघते.

प्रश्न (पुणे) : किती अंश लावू? सेटवर २० लिहिलेले आहे तिथे लावले, पण जुन्या धारेच्या पट्ट्याशी, म्हणजे धारेलगतच्या घासलेल्या तिरप्या भागाशी, ते जुळत नाही असे वाटते.

उत्तर : तुमचा अंदाज बरोबर असणार. भोकाशेजारी छापलेला आकडा एका ठराविक अंतरासाठीच खरा असतो. हिशेब साधा आहे : भोक पात्याच्या पातळीपासून ४० मिलिमीटर वर आणि भोकापासून धारेपर्यंत आडवे अंतर ११० मिलिमीटर, तर कोन २० अंश. पाते रुंद असल्याने धार आणखी १० मिलिमीटर पुढे गेली की तोच कोन साडेअठराच्या खाली येतो. १० मिलिमीटर आत आली की जवळपास २२ होतो. म्हणून क्लॅम्पमध्ये पाते दर वेळी सारखेच बाहेर यायला हवे. वहीत नोंद ठेवा : चाकू कोणता, क्लॅम्प पात्यावर कुठे, धार किती मिलिमीटर बाहेर, भोक कोणते. पुढच्या वेळी पाच मिनिटांचे काम उरते.

जुना कोन शोधायला परमनंट मार्कर पुरतो. धारेचा पट्टा दोन्ही बाजूंनी काळा करा, बारीक दगड हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवा आणि भिंगातून बघा. काळा रंग पट्ट्याच्या वरच्या कडेला, पाठीच्या बाजूला निघाला असेल तर तुमचा कोन कमी आहे. अगदी धारेशी निघाला असेल तर जास्त आहे. पूर्ण पट्टा स्वच्छ झाला म्हणजे जुळला. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठे करून पाहिले तरी चालते.

किती ठेवायचा याचे आमचे उत्तर असे : व्हिक्टोरिनॉक्सचे पोलाद ५६ रॉकवेलच्या (हे कडकपणाचे माप) आसपास, म्हणजे फार कडक नाही. त्याला १७ ते २०. ओपिनेलच्या चाकूचे पाते पातळ, त्याला १७ सुखाने चालतो. फांद्या तासणे, जाड पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या असे दणकट काम असेल तर २० ते २२. १५ अंशांची हौस मऊ पोलादावर करू नये, धार चटकन वळते.

जुना कोन २५ चा असेल आणि तुम्ही तो १८ वर आणणार असाल तर किती धातू काढायचा आहे ते आधी समजून घ्या. धारेच्या मागे पात्याची जाडी अर्धा मिलिमीटर असेल तर २५ अंशांचा पट्टा सुमारे ०.६ मिलिमीटर रुंद असतो, १८ अंशांचा ०.८. फरक कागदावर छोटा दिसतो, पण दोन्ही बाजूंनी खरखरीत प्लेटवर चांगला अर्धा तास जातो. पहिल्या वेळीच. नंतर नाही.

एक सोय जरूर वापरा. मुख्य पट्टा १७ वर करून घ्या आणि शेवटी २० च्या भोकातून सर्वांत बारीक दगडाने दर बाजूला चार-पाच हलके फेरे मारा. धारेवर केसाइतका दुसरा पट्टा येतो. चाकू पातळ चाकूसारखा कापतो आणि धार २० ची टिकते. पुढच्या वेळी नुसता तो बारीक पट्टाच ताजा करायचा.

प्रश्न (कोल्हापूर) : सेटमधले सगळे दगड क्रमाने वापरले, प्रत्येकी पन्नास फेरे दर बाजूला. पट्टा आरशासारखा चमकतो, पण टोमॅटोची साल कापत नाही. कुठे चुकते आहे?

उत्तर : पहिल्याच दगडावर. आलेल्या पत्रांत ही तक्रार सर्वांत जास्त आहे आणि कारण जवळपास नेहमी तेच असते : धारेच्या दोन्ही बाजू टोकाशी भेटण्याआधीच पुढचा दगड घेतला. मधे मोंड झालेला भाग तसाच राहिला आणि बारीक दगडांनी फक्त त्याच्या दोन्ही बाजू चकचकीत केल्या.

फेरे मोजू नका, बर शोधा. एका बाजूने घासत घासत दगड टोकापर्यंत पोचला की पोलादाची अतिशय पातळ कड दुसऱ्या बाजूला वळते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती आली की त्या बाजूचे काम झाले, आली नाही तर झाले नाही, मग दोनशे फेरे का झाले असेनात. बघायचे असे : ज्या बाजूला घासले नाही त्या बाजूला अंगठ्याचे पेर पाठीकडून धारेकडे आणून धारेवरून बाहेर सरकवा. धारेच्या लांबीने कधीही नाही. पेर निघताना किंचित अडकल्यासारखे झाले तर बर आहे. मुठीपासून टोकापर्यंत दर सेंटिमीटरला तपासा, कारण मधे एखादा भाग हमखास राहतो, बहुधा टोकाशी किंवा मुठीशी. बोटावर भरवसा नसेल तर कापसाचा बोळा तसाच फिरवा, बर असेल तिथे तंतू अडकतात. तिसरी खूण उजेडाची. चाकू धार वर करून विजेरीखाली धरा. खऱ्या धारेवर उजेड परावर्तित होत नाही. जिथे पांढरी रेघ किंवा ठिपका चमकतो तिथे ती अजून मोंड आहे.

क्रम असा ठेवा. खरखरीत दगडावर पहिली बाजू, पूर्ण लांबीभर बर येईपर्यंत. मग चाकू उलटा आणि दुसरी बाजू, बर पहिल्या बाजूला येईपर्यंत. चाकू फार बोथट असेल तर एका बाजूलाच खूप धातू जाऊन धार मध्यरेषेवरून सरकू नये म्हणून दर वीस-तीस फेऱ्यांनी बाजू बदलत चला. दोन्हीकडे बर मिळाली की मगच पुढचा दगड. तिथून पुढे काम झपाट्याने होते. ६०० वर दर बाजूला पंधरा-वीस फेरे, प्रत्येक वेळी आधीच्या दगडाच्या रेघा मिटेपर्यंत. त्यानंतर दाब कमी करत जा आणि पाच-पाच, तीन-तीन, एक-एक असे आलटून पालटून फेरे मारा. शेवटी दगडाचे स्वतःचे वजन एवढाच दाब.

शेवटचे फेरे दगड धारेकडून पाठीकडे नेणारे असावेत, म्हणजे दगड धारेवर चालून येतो आणि बर कापली जाते. पाठीकडून धारेकडे ओढले तर बर लांबत जाते. राहिलेली बर फसवी असते. पहिला कागद सुरेख कापते, दोन काकड्यांनंतर वळून बसते, आणि आपण म्हणतो धार टिकत नाही.

त्यानंतर कातडे. लाकडी पट्टीवर अस्सल कातड्याचा जुना पट्टा खडबडीत बाजू वर करून चिकटवा. रेक्झिन चालत नाही. त्यावर क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पॉलिशची वडी, साधारण अर्ध्या मायक्रॉनची, खडूसारखी पातळ घासा. इथे दिशा उलटी : पाठ पुढे, धार मागे. दर बाजूला आठ-दहा फेरे, अगदी हलके. जोर दिला की कातडे दबून धारेभोवती वर येते आणि एवढ्या खटपटीने आणलेले टोक गोल करते.

प्रश्न (ठाणे) : धार आली, पण टोकाकडे पट्टा खूप रुंद झाला आणि टोकही गोल झाले.

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. पट्टा रुंद होतो कारण टोक भोकापासून लांब पडते आणि कोन तिथे कमी होतो. क्लॅम्प टोकाकडे सरकवा. पात्याचा पोटाकडचा गोलवा जिथे सुरू होतो त्याच्या जरा मागे बहुतेक घडीच्या पात्यांना योग्य जागा सापडते. बसवल्यावर टोक, मध्य आणि मूठ अशा तीन जागी मार्कर लावून बघा. तिन्हीकडे रंग सारखा निघेपर्यंत क्लॅम्प दोन-दोन मिलिमीटर हलवा. हे काम कंटाळवाणे आहे, पण एका चाकूसाठी ते एकदाच करावे लागते.

टोक गोल होते ते दगड पुढे घसरून गेल्याने. दगडाची अर्धी रुंदी टोकावर आली की थांबा, त्या पुढे नेऊ नका.

चावीच्या कडीतल्या छोट्या चाकूंना, ज्यांचे पाते जेमतेम साडेतीन-चार सेंटिमीटर असते, क्लॅम्प जवळजवळ सगळे पातेच झाकून टाकतो. दगड जबड्यावर घासायला लागतो आणि जबडाच झिजतो. अशा चाकूंना सिरॅमिकच्या तिरप्या काठ्याच बऱ्या.

प्रश्न (औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर) : क्लॅम्पमध्ये पाते हलते आणि ओरखडेही पडतात.

उत्तर : पाठीपासून धारेपर्यंत सारखे निमुळते होत जाणारे पाते जबड्यांत फक्त एका रेघेवर धरले जाते, म्हणून ते डुलते. दोन्ही बाजूंना मास्किंग टेपचे दोन थर किंवा पातळ मऊ कातड्याचा तुकडा द्या. पकडही येते आणि ओरखडेही टळतात. दोन स्क्रूच्या क्लॅम्पमध्ये पुढचा स्क्रू आधी पात्याच्या जाडीइतका बसवायचा, मग मागचा आवळायचा. उलट केले तर जबडे पुढे फाकतात. आवळल्यावर पाते बोटांनी दोन्हीकडे दाबून बघा. इथे हलले तर पुढचा सगळा कोन व्यर्थ.

प्रश्न (बडोदा) : दगडावर कोणते तेल घालावे? घरात खोबरेल आहे. आणि डायमंड प्लेटवरही तेल लागते का?

उत्तर : खोबरेल आणि गोडेतेल नको. खाद्यतेले हवेत चिकट होतात आणि दगडाची छिद्रे बुजवतात. खोबरेल तर थंडीत थिजतेच. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडांना शिलाई मशीनचे पातळ तेल, दोन-तीन थेंब. काम झाल्यावर काळा गाळ फडक्याने पुसून घ्या. आधीच बुजलेला दगड रॉकेलमध्ये जुन्या टूथब्रशने घासला की बराच मोकळा होतो.

डायमंड प्लेट कोरडी किंवा पाण्यात साबणाचा एक थेंब घालून वापरा. नवी प्लेट पहिले काही चाकू जास्तच खरखरीत वाटते, मग बसते. तिच्यावर जोर कधीही देऊ नका. हिऱ्याचे कण निकेलच्या थरात धरलेले असतात, दाबले की उपटून येतात, आणि प्लेट ‘झिजली’ असे वाटते ते यामुळेच. सिरॅमिक कोरडेच वापरायचे. राखाडी पडले की भांडी घासायची पावडर आणि पाणी.

चाकूचे पोलाद कोणते आहे तेही पाहा. एस३०व्ही सारख्या व्हॅनेडियमयुक्त पोलादातले कार्बाइडचे कण ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असतात. साधा दगड त्यांच्या भोवतीचे पोलाद घासतो, त्यांना नाही. तिथे डायमंडच लागतो. ८सीआर१३, १२सी२७ किंवा व्हिक्टोरिनॉक्सच्या पोलादाला कोणताही दगड चालतो.

प्रश्न (देवगड) : आंब्याची कलमे बांधायचा चाकू एकाच बाजूने उतरता आहे. तो सेटवर बसेल का?

उत्तर : बसेल, पण पद्धत वेगळी. कलमाचा चाकू एका बाजूने सपाट असतो तो मुद्दाम. सपाट बाजूमुळे काप सरळ पडतो आणि काडी व खुंट यांच्या सालीखालचे हिरवे थर फटीविना टेकतात. म्हणून सपाट बाजूला सेटवर कधीच कोन देऊ नका. उतरती बाजू वर करून क्लॅम्पमध्ये धरा आणि मार्करने मूळ कोन जुळवा. तो बऱ्याचदा १७ पेक्षा कमी असतो, त्यामुळे चार भोकांचा सेट अपुरा पडतो. पाते जास्त बाहेर काढून कोन कमी करता येतो, पण मग पकड कच्ची होते. ॲडजस्ट होणारा सेट इथे खरा उपयोगी. उतरत्या बाजूलाच घासा, सपाट बाजूला पूर्ण लांबीभर बर येईपर्यंत. मग चाकू क्लॅम्पमधून काढून सपाट बाजू सर्वांत बारीक, सपाट दगडावर पूर्ण टेकवा आणि दोन-तीनदा सरकवा. पाठ कागदाइतकीही उचलू नका. शेवटी कातडे, दोन्ही बाजूंनी.

डावखुऱ्यांचा चाकू दुसऱ्या बाजूने उतरता असतो. उजव्या हाताचा चाकू दोन्हीकडून घासून ‘मधला’ करू नका.

एक विनंती कलमे करणाऱ्या सगळ्यांना : चाकू निर्जंतुक करायला ज्योतीवर धरू नका. धार इतकी पातळ असते की क्षणात तापते, पोलादाचे पाणी उतरते आणि पुढे कितीही घासले तरी ती धार टिकत नाही. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आंब्याचा चीकही त्यानेच निघतो, आणि साध्या कार्बन पोलादाला चीक राहिला तर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो.

प्रश्न (नागपूर) : दातेरी पात्याचे काय?

उत्तर : सपाट दगड नको. दात्यांच्या खाचेत बसेल अशी निमुळती सिरॅमिक किंवा डायमंडची सळई घ्या, ज्या बाजूला खाचा कोरलेल्या आहेत त्याच बाजूने प्रत्येक खाचेत पाच-सहा फेरे. मागची सपाट बाजू फक्त बर काढण्यापुरती.

प्रश्न (सांगली) : सेट घेण्यापेक्षा दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे चाकू दिला तर? आणि सेट घेतलाच तर विळी, कोयताही त्यावर होईल का?

उत्तर : विळी आणि कोयता सेटवर होत नाहीत. विळीचे पाते पाटाला जोडलेले आणि वळणाचे, कोयत्याचे जाड आणि जड. कोणताही क्लॅम्प ते धरणार नाही. ती कामे धारवाल्याचीच, आणि ती तो चांगली करतो.

घडीचा चाकू मात्र त्याच्या चाकावर देऊ नये. कोरड्या चाकावर पातळ धार काही सेकंदांत तापते. कडेला गवती पिवळा रंग आला म्हणजे तापमान सव्वादोनशे अंशांच्या आसपास गेले, निळा आला म्हणजे तीनशेच्या. निळ्या झालेल्या जागी कडकपणा गेलेला असतो आणि तेवढा भाग झिजवून टाकण्यावाचून इलाज नसतो. रंग दिसला नाही म्हणजे धोका नाही असेही नाही, कारण पुढच्या फेऱ्यात रंग घासून निघतो. देण्याची वेळच आली, उदाहरणार्थ टोक मोडले असेल, तर चाकाशेजारी पाण्याचे भांडे ठेवायला सांगा. दर टेकवणीनंतर पाते पाण्यात, आणि बोटाला कोमट लागले की थांबायचे. आकार तिथे घ्या, धार घरी सेटवर लावा.